क्रियापद शेवटी येते

श्रावण लागला आणि नागझरी ओढ्याच्या काठावर पुन्हा विभक्त्या ऐकू येऊ लागल्या.

दर वर्षी हे होते. रमण्यात श्रीमंत पेशवे परीक्षा घेऊन वाटतात ती दक्षिणा जवळ आली की गावोगावचे शास्त्री पुण्यात उतरतात. कोणी देवळात, कोणी ओळखीच्या ओसरीवर, आणि ज्यांना कुठेच जागा मिळत नाही ते ओढ्याकाठच्या वडाखाली. परीक्षेत त्यांना काय विचारतील याचा नेम नसतो, म्हणून हे मोठमोठे पुरुष अंघोळ करताना, धोतर पिळताना, डोक्यावर पंचा घेऊन सर चुकवताना सारखे पुटपुटत असतात. रामेण, रामाय, रामात्. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. मला हसू येत नाही. परीक्षेची भीती मला ठाऊक आहे. माझी एकच परीक्षा झाली, तीही अशाच एका श्रावणात, याच ओढ्याजवळ, आणि तेव्हा आईच्या हातातली काकणे पणाला लागली होती.

सकाळपासून वसईच्या आत्याला पत्र लिहायला बसले आहे. ते होत नाही, म्हणून हे लिहिते आहे. हे कोणाला दाखवायचे नाही. चार माणसांसमोर माझा आवाज बसतो. आळीत लहानपणी मला मुकीच म्हणत. कागदासमोर मात्र तो बसत नाही, का ते देव जाणे.

आम्ही किरिस्ताव. बाबा श्रीमंतांच्या तोफखान्यात गोलंदाज होते. आळीत सगळे गोलंदाजच; शेजारी सकीनाबी, तिचा नवरा बाबांच्याच तोफेवर. आमचे देऊळ तेव्हा मातीच्या चार भिंतींचे होते, आणि त्याच्या ओसरीवर पाद्री मुलांना अक्षरे शिकवत. ते गोव्याहून आलेले, पण जन्माने समुद्रापलीकडचे. आम्ही त्यांच्याकडून अक्षरे शिकत होतो आणि ते आमच्याकडून भाषा, म्हणजे शाळा दोन्ही बाजूंनी भरत असे. त्यांची एक वही होती. आम्ही जे बोलू ते तीत लिहायचे आणि मग आम्हालाच विचारायचे, असे का?

"नदी बाई. ओढा पुरुष. का?"

बाबा तिथेच उभे होते. म्हणाले, "पुरात दोघांकडे बघा, कळेल."

मी चार पावसाळे त्या ओसरीवर बसले. चौथा संपल्यावर आई म्हणाली, पुरे, आता चूल शीक. माझे शिक्षण एवढेच. बाळबोध लिपी मला चांगली येई, मोडी अर्धीमुर्धी. पण पाद्रींच्या प्रश्नांनी एक खोड लागली ती चुलीपुढेही गेली नाही. जे बोलतो ते असे का, हे मनात उलटून बघायची.

एकदा ते 'घोडाला' म्हणाले. मुले खिदळली. मी धुळाक्षरांच्या पाटीवर 'घोड्याला' लिहून पाटी पुढे सरकवली. त्यांनी बराच वेळ बघितले. "घोडा एकटा असतो तेव्हा ताठ," ते म्हणाले. "कोणी त्याला काही जोडायला आले की आधी मान वाकवतो. घोड्याला, घोड्याचा, घोड्यावर. जे नाव वाकत नाही त्याला काही जोडता येत नाही." त्या रविवारी त्यांनी नम्रतेवर उपदेश केला तो सगळा घोड्यावरच. बाहेर पडताना गोलंदाज एकमेकांना विचारत होते, तोफखान्याला नवे घोडे येणार आहेत काय?

त्यांना शेवटपर्यंत जमले नाही ते आमचे 'केले'. ते म्हणायचे, "मी आज भाकरी खाल्लो." आम्हाला हसून पोटात दुखे. त्यांना काय चुकते ते सांगता येईना आणि आम्हालाही सांगता येईना. पुढे कितीतरी वर्षांनी परातीत पीठ मळताना मला ते कळले. काम चालू आहे तोवर क्रियापद करणाऱ्याकडे बघत असते. मी करते, तो करतो. काम झाले की ते तोंड फिरवते. मी भाकरी केली, त्याने भाकरी केली. आता करणारा कोणी असो, क्रियापदाला फक्त भाकरी दिसते. शेवटच्या दिवशी देवही असेच बघेल असे मला वाटते. याची भीती वाटते आणि बरेही वाटते. मी लाजते, पुढे येत नाही, देवळात मागच्या भिंतीला टेकून बसते, हे तिथे कोणी विचारणार नाही. भाकरी कशी झाली, एवढेच.

ओढ्याकाठचे शास्त्रीबुवा मला दुसरे गुरू. ते मला शिकवत नव्हते. मी चोरून ऐकत होते. कोकणातले, पन्नाशीचे, कपाळावर मोठे टेंगूळ. दर श्रावणात वडाखालचा तोच दगड धरत. मी पाण्याला जाई आणि घागर बुडबुडत असताना कान तिकडे ठेवी. त्यांच्या शास्त्रात पहिला पुरुष म्हणजे 'तो'. मग 'तू'. 'मी' सगळ्यांच्या शेवटी. मला नवल वाटले, कारण पाद्रींच्या वहीत पहिला 'मी' होता. मी पाटीवर लिहून पाद्रींना दाखवले. ते आधी हसले. मग म्हणाले, "आमच्या लॅटिनमध्ये लहानपणापासून पहिला मी घोकला. तुमच्या ओढ्याकाठी 'तो' आधी येतो आणि मी रांगेत शेवटी उभा असतो. हे मला कोणी सेमिनारीत, पाद्री व्हायच्या शाळेत, सांगायला हवे होते."

शास्त्रीबुवांनी एकदा मला पकडले. "काय गं ए फिरंग्यांच्या पोरी, घागर भोकाची आहे का? पाव घटका झाली, भरत नाही ती." मी घागर अर्धीच घेऊन पळाले.

आता बाबांची खोड सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे.

गोलंदाजाच्या हातात जामगी असते, तोफेला बत्ती द्यायची जळती वात. ती पावसाळी हवेत मरते. वरून राख दिसते, आत धग आहे की नाही कळत नाही. बाबा मग हाताशी येईल त्या कागदाचा कोपरा तोडायचे आणि जामगीला लावून फुंकायचे. कागदाने पेट घेतला तर जामगी जिवंत. सरळ फाडत नसत. उजव्या हाताच्या चिमटीत खालचा कोपरा धरायचा, पिळायचा आणि झटका द्यायचा, म्हणजे हातात आयती काडीच येते. घरात जामगी नसली तरी हात थांबत नसे. चूल फुंकायची झाली तरी माझ्या कित्त्याचा कोपरा जाई. पाद्री जे जुने कागद द्यायचे त्यांवर मी प्रार्थना उतरवून काढी, आणि एकही प्रार्थना पुरी राहिली नाही. सगळ्यांचा उजवा खालचा कोपरा गेलेला, उंदराने कुरतडल्यासारखा, कडेला काळा अंगठा.

"देवाची अक्षरं आहेत ती," आई ओरडायची.

"देवाला पाठ आहेत," बाबा म्हणायचे.

मी तेरा वर्षांची असताना फौज दक्षिणेकडे गेली आणि पावसाळ्यात तिकडेच छावणी पडली. बाबा गेले, सकीनाबीचा नवरा गेला, आळीतली पत्रे वाचून दाखवणारा कारकूनही गेला. पाद्री वैशाखात गोव्याला गेले होते ते पावसाने तिकडेच अडकले. आळीत राहिल्या बायका, म्हातारे आणि विभक्त्या.

श्रावणातल्या एका सकाळी फौजेकडून पत्र घेऊन जासूद आला. त्याने हाक मारली नाही. उंबऱ्यापाशी आला, आईकडे न बघता पत्र वळचणीला खोचले आणि पाठ फिरवून निघून गेला. आई चुलीपासून उठून दारात आली. पत्राचा कोपरा फाटलेला होता.

दुःखाच्या पत्राचा कोपरा फाडतात. ते हातात देत नाहीत, घरात आणत नाहीत. बाहेरच कोणी पुरुष वाचतो आणि फाडून टाकतो. धर्म कोणताही असो, आळीत ही रीत सगळ्यांची. आईने पत्र बघितले, परत आत गेली आणि तव्यावरची भाकरी उलटली. "करपली असती," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने कोणाला पत्राला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. श्रावणातले ऊन-पाऊस चालू होते. सर आली की पन्हळीचे पाणी वळचणीवरून ओघळे. मी दारात बसून त्या कागदाकडे बघत असे. एका बाजूने तो ओला होऊन काळसर होत चालला होता. आत नेला तर मरण आत येणार, बाहेर ठेवला तर शाई वाहणार. मी आईला म्हटले, निदान दुसऱ्या बाजूला खोचते. ती म्हणाली, "हात लावलास तर बघ."

तिचे कळत होते मला. वाचले नाही तोवर बाबा आहेत. त्या दोन दिवसांत ती कधी नव्हे इतकी त्यांच्याविषयी बोलली, आणि सगळे पुढचे. ते आले की छप्पर शाकारायचे. ते आले की मुकीचे लग्न बघायचे. सकीनाबी येऊन बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "काय माणूस होता गं आंतोन..."

"होता काय?" आई ताडकन म्हणाली. "आहे."

पाद्रींनी आम्हाला सांगितले होते, रानात मेंढरे राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने जळत्या झुडपापाशी देवाला नाव विचारले तेव्हा देवाने नाव सांगितलेच नाही, नुसते क्रियापद सांगितले. आहे. 'होता' नाही, 'होईन' नाही. पाद्री म्हणाले होते, या एका शब्दावर आपला सगळा धर्म उभा आहे. पण तो शब्द माणसाविषयी म्हणायला किती धैर्य लागते हे मला आईकडे बघून कळले. देव म्हणाला तेव्हा त्याच्या वळचणीला पत्र नव्हते.

मी त्या दोन दिवसांत प्रार्थना करायला बसे आणि पुढे शब्द येत नसत. नुसते 'देवा'. शास्त्रीबुवांचे एक घोकणे मला आठवे: हाक ही वाक्यात मोजत नाहीत, तिचा क्रियेशी संबंध नसतो. तेव्हा वाटले, बरे आहे. वाक्य करायची माझ्यात ताकदच नव्हती. वाक्याबाहेर उभे राहून मारता येते ती हाक, आणि तेवढीच माझ्याकडे होती.

तिसऱ्या दिवशी बायका आल्या. भागू कासारीण पुढे होती. आळीतल्या सगळ्यांच्या हातांत काकणे तिनेच भरलेली, आणि उतरवायची वेळ आली की तीच यायची. तिने अंगणात कपडे धुवायचा दगड पुसला.

"किती दिवस झाकशील, बाई?" ती आईला म्हणाली. "आळीत सणवार थांबलेत. वाचून घे कोणाकडून तरी. आम्हाला काय हौस आहे?"

"वाचायला आहे कोण?" आई म्हणाली.

ओढ्यावरून शास्त्रीबुवा ओलेत्याने परतत होते. भागूने त्यांना हाक मारली. ते कुंपणाबाहेरच थांबले, वळचणीकडे बघितले आणि मान हलवली.

"कोपरा फाटलाय. मी हात लावायचा नाही. उद्या मला रमण्यात जायचंय. आज मेलेल्या फिरंग्याचं पत्र वाचलं असं कळलं तर मला काही विचारणार नाहीत, हाकलणार आहेत."

"तुमचं शास्त्र मग कशाला आहे, भिजवून खायला?" सकीनाबी म्हणाली.

"भिजवायला पाऊस आहे की." मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "तिला सांगा. रोज पाण्याचं निमित्त करून माझी विद्या चोरते. चोरलेली वस्तू कधीतरी वापरावी."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. आईसुद्धा. मला कोणी ओढले नाही, ढकलले नाही. आई फक्त बघत राहिली. तिने नाही म्हटले नाही एवढे मला दिसले. मी वळचणीतून पत्र काढले. ते जड लागले, पाण्याने.

उलगडले तर वरच्या चार ओळी वाहून गेलेल्या. नुसता निळा-काळा ओघळ. ज्या ओळीत आईचा मायना होता, जिथे 'सौभाग्यवती' आहे की नाही एवढ्यावरून पहिल्याच शब्दात सगळे कळले असते, तीच ओळ आमच्या भिण्याने गेली होती. खाली मोडी, कोणा घाईतल्या कारकुनाची, एकमेकांत अडकलेली अक्षरे.

मी सुटी सुटी अक्षरे वाचायला लागले. ओठांतल्या ओठांत.

"मोठ्यानं," कुंपणाबाहेरून आवाज आला. शास्त्रीबुवा गेले नव्हते. आमच्याकडे पाठ करून उभे होते. "डोळ्यांनी वाचायचं नाही मला. कानाला विटाळ नाही."

"दा... रू... चे गाडीस आ... ग ला..."

"लागोन. पुढे."

"पांच गोलं... गोलंदाज भा... भा..."

"भाजले असेल. चल पुढे."

"त्यांत आंतोन गोलंदाज याचा उजवा हात..." ओळ संपली. खालची ओळ सापडेना. सकीनाबीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हात काय?" ते ओरडले. "क्रिया कुठाय? क्रिया बघ!"

आमच्या भाषेत क्रियापद शेवटी येते. पाद्रींना त्याचा फार राग. म्हणत, तुम्ही माणसाला वाक्यभर टांगून ठेवता. त्या दिवशी मी अशीच टांगलेली होते, आणि माझ्यासोबत अंगणातल्या सगळ्या. "मनगटापासोन गेला," मी वाचले. भागूने 'अगं बाई' म्हटले. "वैद्यें बहुत यत्न केले. आज बारावा दिवस. जीव..."

"जीव काय?"

मी कागद उलटा केला, सुलटा केला.

"पुढे वाच की."

"पुढे नाही."

"नाही म्हणजे?"

"कागद नाही. फाटलाय तिथून."

शास्त्रीबुवा पहिल्यांदा वळले. पण तोवर कोणाला क्रियापदाची गरज राहिली नव्हती. जीव गेला. दुसरे काय असणार? कोपरा फाटलेले पत्र, हात गेलेला, वैद्याने यत्न केलेले. सकीनाबीने गळा काढला. "आपला आंतोन गेला गं!" आपला म्हणाली, तुझा नाही. पाद्रींच्या भाषेत 'आम्ही' एकच. त्यांना मी कधी समजावू शकले नव्हते की आमच्यात 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. दार लावून घेतले की आम्ही, उघडले की आपण. त्या वेळी ते असते तर त्यांना नुसती सकीनाबी दाखवली असती.

भागूने आईचा हात धरला आणि दगडावर ठेवला. आईने ओढून घेतला नाही. ती माझ्या हातातल्या कागदाकडेच बघत होती. पहिला दगड बसला आणि एक काकण तडकले.

मीही त्या कागदाकडे बघत होते. जिथे शब्द संपत होता तिथे. रीतीने फाडतात तो वरचा कोपरा, हा खालचा. आणि कड सरळ नव्हती. चिमटीत धरून, पिळून, झटका दिलेली. मी जन्मभर बघत आलेली कड.

"थांबा," मी म्हणाले.

कोणी ऐकले नाही. मुकीकडे कोण बघणार? मी पुढे गेले आणि माझा तळवा आईच्या काकणांवर ठेवला. भागूचा दगड वर उचललेला तसाच राहिला.

"हा कोपरा बाबांनी तोडलाय."

"पोर भ्रमली," भागू म्हणाली.

मी आत पळाले, पेटीतून माझी जुनी प्रार्थना आणली आणि दोन्ही कागद दगडावर शेजारी ठेवले. माझा आवाज चिरकत होता पण थांबत नव्हता. "हे बघा. असाच पीळ. जामगीसाठी तोडतात तसा. पत्र लिहून झाल्यावर तोडलाय, लिहिलेल्या शब्दावरून. बाबा गेले असते तर तोडला कोणी?"

शास्त्रीबुवा कुंपण ओलांडून आत आले होते. हात मागे बांधून वाकले. "हात गेलाय ना त्याचा?"

"उजवा. बघा ना, पीळ उलटा आहे. हा डाव्या हाताचा आहे."

त्यांनी एका कागदावरून दुसऱ्यावर नजर नेली, परत आणली. माझ्या कागदावर पीळ उजवीकडे, पत्रावर डावीकडे. आणि मागच्या बाजूला काळा अंगठा, पुसटसा.

"धूर दिसला की अग्नी आहे म्हणायचं," ते अखेर म्हणाले, "हे शिकायला मला काशीत बारा वर्षं लागली." मग भागूला म्हणाले, "बाई, तो दगड खाली ठेव. क्रिया दिसल्याशिवाय वाक्य पुरं करायचा तुला अधिकार नाही."

जाताना पुन्हा ओढ्याकडे वळले. मेला नसेल तर सुतक नाही, पण पाऊस आहेच, स्नान होतेच, असे काहीतरी पुटपुटत.

हे असे लिहिले की वाटते, संपले. संपले नव्हते. पत्र निघून महिना झाला होता. कोपरा तोडला तेव्हा बाबा होते. त्यानंतरचे कोणाला ठाऊक? भादवा गेला, दसरा गेला, दुसरे पत्र आले नाही. सकीनाबी दर आठ दिवसांनी येई आणि कुजबुजे, "नक्की ना गं, बेटी?" तिच्या नवऱ्याविषयी तर पत्रात काहीच नव्हते, आणि ती माझ्या त्या पिळावरच त्याचाही जीव टांगून बसली होती. मी मान हलवी आणि घरात येऊन दोन्ही कागद पुन्हा पडताळून बघे. पुष्कळदा मला दोन्ही पीळ सारखेच दिसत. कधी तो अंगठाही डागच वाटे. आईच्या हातात तडकलेले काकण तसेच होते. भाकरी थापताना ते कातडीत रुते, पण ती काढत नसे. पाद्री पुढे परत आले तेव्हा त्यांनी मला विचारले, श्रद्धा म्हणजे काय ते सांग. मला उत्तर येत होते, पण सांगता आले नाही. चार महिने कागदाच्या एका पिळावर तीन बायकांनी दिवस काढले, हे उत्तर त्यांच्या वहीत कुठल्या रकान्यात बसले असते?

मार्गशीर्षात ते दोघे आले, एकमेकांच्या आधाराने. बाबांचा उजवा हात मनगटापाशी संपत होता. आईने पायांवर पाणी घातले, जेवायला वाढले, आणि मग विचारले.

"कोपरा का फाडलात?"

"कसला कोपरा?"

"पत्राचा."

त्यांना आठवेना. मग आठवले. "पाऊस होता. जामगी विझत होती. कारकून म्हणाला, पत्र वाळू दे. हाताशी तेवढाच कागद होता." आणि मग हळूच, "का गं?"

"तीन दिवस मेला होतात," आई म्हणाली, आणि भाजी वाढली.

तिसऱ्या दिवशी थडग्यातून कोण उठले होते ते आठवून आळीतल्या किरिस्तावांनी पुढे या वाक्याची पुष्कळ चेष्टा केली. आई कधी हसली नाही.

बाबा त्यानंतर खूप वर्षे होते. डाव्या हाताने माझ्या लेकरांच्या पाट्या पुसत, कित्त्यांचे कोपरे तोडत. पत्रे वाचायला आळी माझ्याकडे येऊ लागली. आजही येते. मी उंबऱ्याबाहेर बसून वाचते, मोठ्याने, क्रियापदापर्यंत. कोपरा फाटलेली कितीतरी वाचली. सगळे कोपरे बाबांनी तोडलेले नसतात. एक सोडून सगळे खरेच निघाले. हे लिहून ठेवायला हवे, नाहीतर मी खोटे लिहिल्यासारखे होईल.

आठ दिवसांपूर्वी बाबा दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. बाहेर शास्त्री घोकत होते. आई आता थकली आहे. तिने स्वतःच हात दगडावर ठेवला. तळवा पुढे करायला मी जवळच उभी होते. या वेळी माझ्याकडे दुसरा कागद नव्हता.

वसईची आत्या म्हणजे बाबांची पाठची बहीण. आता ती ऐंशीला आली. तिला कळवायला हवे. सकाळी मायना लिहिला, ख्यालीखुशाली लिहिली, पुढे 'बाबा' लिहिले आणि क्रियापद येईना. हे सगळे लिहून झाल्यावर आता ते लिहिले आहे. जे लिहायचे तेच लिहिले. वाळू पसरून शाई टिपली.

कोपरा राहिला होता. रीत वरचा सरळ फाडायची आहे. मी कागद फिरवला, खालचा कोपरा चिमटीत धरला, पिळला आणि झटका दिला. आत्या त्यांच्यासोबत वाढलेली. बाबा पोरवयातच तोफेवर लागलेले; तिच्याही लहानपणी घरातल्या कागदांना कोपरे नसतील. कोणी वाचून दाखवायच्या आधी तिची नजर त्या कडेवर जाईल, आणि एक क्षणभर तिला वाटेल, हा तर आंतोननेच तोडलाय.

मग कोणीतरी शेवटपर्यंत वाचेल. पण मरणाच्या पत्रावर तेवढी एक शंका ठेवायची मुभा माझ्या धर्माने मला दिलेली आहे, आणि ती मी घेतली.